आपल्या परिसरातले एक वेल्डर

४ जानेवारी, सकाळी ७
नवी वही. आजपासून रोज लिहायचं. मागच्या वर्षीची वही ९ जानेवारीपर्यंत अगदी नियमित होती, तेव्हा सवय आहेच.

परवा हेडबाईंनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की यंदापासून शाळेचा करिअर मार्गदर्शन विभाग मी सांभाळायचा. विभाग म्हणजे मी, जिन्याखालचं एक कपाट आणि त्या कपाटाची एकुलती एक किल्ली. कपाटात दोन फुटके पृथ्वीगोल निघाले. हेडबाई म्हणाल्या, बाकी सगळ्यांचे तास भरलेले आहेत. हा त्यांचा मोठेपणा. माणसाची पारख झाली तरी तोंडावर कौतुक करायचं नाही, ही त्यांची पद्धत.

यंदाचा विषय वरूनच ठरून आलाय : कुशल कामं. प्लंबिंग, वायरिंग, सुतारकाम, वेल्डिंग. दहावीच्या मुलांना या कामांची ओळख करून द्यायची, ट्रेनिंग कुठे मिळतं ते दाखवायचं, फॉर्म भरून घ्यायचे. मी भूगोलाचा माणूस, पण श्रमप्रतिष्ठा हा विषय माझ्या रक्तातच आहे.

संकल्प : एप्रिलपर्यंत पंचवीस मुलं ट्रेनिंग सेंटरला लावायची.

हिला सांगितलं. ही म्हणाली, मग स्वयंपाकघरातल्या नळापासून सुरुवात करा, तीन महिने गळतोय. मी समजावलं की मार्गदर्शन वेगळं आणि नळ वेगळा.

७ जानेवारी
भाषण तयार. अकरा पानं. 'हात काळे झाले तरी चालतील, मन काळं होता कामा नये' हे वाक्य लिहिताना मलाच भरून आलं.

संध्याकाळी घरच्यांना वाचून दाखवलं. ही चौथ्या पानाला उठून कुकर लावायला गेली. लेक मात्र शेवटपर्यंत बसली. संपल्यावर तिने एवढंच विचारलं की वेल्डिंगच्या कोर्सची शेवटची तारीख काय. मी म्हटलं, अगं, हे दुसऱ्या मुलांसाठी आहे. तिने विचारलं, दुसऱ्या म्हणजे कुठल्या. तेवढ्यात माझा चहा गार होत होता.

लेक दहावीला आहे, माझ्याच शाळेत. आर्किटेक्ट व्हायचं ठरलंय. पाचवीत असताना तिने पुठ्ठ्याचं घर केलं होतं, तेव्हापासूनच मी ठरवलंय.

११ जानेवारी
ट्रेनिंग सेंटरची प्रत्यक्ष पाहणी केली. म्हणजे खिडकीतून. पायात चपला होत्या म्हणून वेल्डिंगच्या इन्स्ट्रक्टरने मला शेडच्या दारातच अडवलं. ठिणग्या पडतात, बूट घालून या, म्हणाला. मी म्हटलं, मी शिकायला नाही, मार्गदर्शन करायला आलोय. तो म्हणाला, ठिणगीला ते कळत नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं : 'सुरक्षेची व्यवस्था अत्यंत काटेकोर.'

येताना बस मेहुण्याच्या वर्कशॉपवरून गेली. तो दारातच कसलंसं गेट आडवं टाकून बसला होता. मी तोंड फिरवलं वगैरे काही नाही. ऊन होतं, डोळे मिटले.

इथे एक खुलासा करून ठेवतो. हिचा धाकटा भाऊ वेल्डर आहे. गेट, ग्रील, लोखंडी जिने. माणूस सोन्यासारखा आहे, माझं त्याच्याबद्दल काहीही म्हणणं नाही. पण पंधरा वर्षांपूर्वी मी या शाळेत नवीन असताना गणिताच्या सरांनी स्टाफरूममध्ये विचारलं की सासरचे काय करतात. मी म्हटलं, मेहुणा मेटल इंडस्ट्रीत आहे. यात खोटं काय? त्यांनी विचारलं, कुठल्या हुद्द्यावर. मी म्हटलं, स्वतःचं युनिट आहे. यातही खोटं काय? पुढचं सगळं त्यांनी आपलं आपणच मानून घेतलं असणार, त्याला मी जबाबदार नाही.

१८ जानेवारी
कल चाचणी घेतली. चाळीस प्रश्न, सगळे मी स्वतः काढलेले. रविवारी जेवणाच्या टेबलावर पेपर तपासले. बेरजा लेकीने केल्या.

निकालात थोडी गडबड आहे. वर्गात पहिली येणारी मुलगी प्लंबिंगमध्ये आली. डॉक्टरांचा मुलगा सुतारकामात. उलट मागच्या बाकावरचे चौघे म्हणे संशोधन क्षेत्रात. चाचणीत काहीतरी तांत्रिक दोष दिसतो. लेक झोपल्यावर नव्हे, ती दूध आणायला गेली असताना, हिरव्या पेनाने दुरुस्त्या केल्या.

लेकीला धातुकामात चाळीसपैकी अडतीस. तीन वेळा मोजले. तिचा पेपरही दुरुस्त केला. आता आर्किटेक्चरमध्ये छत्तीस आहेत.

ती परत आल्यावर तिने वरचाच पेपर पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि दूध तापत ठेवलं. बेरजा तिनेच केल्या होत्या हे माझ्या लक्षात उशिरा आलं. पोर समजूतदार आहे.

२९ जानेवारी
पंचवीस मुलांची यादी लावली. निवड माझी. नववीला ज्यांना पन्नास टक्क्यांच्या खाली मार्क होते ते सगळे आले, तरी तेवीसच झाले, म्हणून उशिरा येणारे दोघं घेतले. गणिताचे सर यादी वाचून म्हणाले की ही शिक्षेची यादी आहे का. लोकांना श्रमाची किंमत नाही.

पालक भेटायला आले. एका मुलाचे वडील बस चालवतात. माझं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, सर, एवढं चांगलं आहे तर तुमची मुलगीही दहावीलाच आहे ना. मी ताडकन उत्तर दिलं की माझ्या मुलीला मी पूर्ण स्वातंत्र्य दिलंय, ती म्हणेल तिथे मी सही करीन. ऐकणाऱ्या चार पालकांवर फार चांगला परिणाम झाला. घरी येईपर्यंत छाती फुगलेली होती.

घरी लेकीने फॉर्म पुढे ठेवला. वेल्डिंग, दोन वर्षं. दोन पानं, शेवटी पालकाची सही. शेवटची तारीख १० एप्रिल. म्हणाली, तुम्ही शाळेत जे बोललात ते त्या बसवाल्या काकांच्या मुलाने मला सांगितलं.

मग कळलं की गेली दोन वर्षं ती दर रविवारी मामाकडे जाते ती मामेबहिणीशी खेळायला नाही. आधी ग्राइंडर, मग ब्रश मारणं, आणि आता मामा उभा राहतो आणि ती सरळ जोड मारते. हिला हे सगळं माहीत होतं. घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. म्हटलं, ठेव, वाचून देतो. अशा गोष्टी नीट वाचून कराव्यात.

फॉर्म शाळेच्या कपाटात ठेवलाय. पृथ्वीगोलांच्या मागे. घरी हरवायला नको.

९ फेब्रुवारी
१५ तारखेला 'कुशल हातांची ओळख' हा कार्यक्रम. चौघांना बोलावलं : प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार, वेल्डर. वेल्डर मोठ्या कारखान्यातला, सोळा जणांच्या हाताखाल- नाही, सोळा जण त्याच्या हाताखाली. घाईत लिहितोय.

पाहुण्यांना लेखी सूचना दिल्या : (१) चांगले कपडे. (२) हत्यारं, पिशव्या, पाईप वगैरे काहीही आणू नये, हॉलच्या फरशीला नुकतंच पॉलिश झालंय. (३) बोलणं प्रेरणादायी असावं.

१३ फेब्रुवारी
कारखान्यातल्या वेल्डरला सुट्टी मिळत नाही. दिवसभर फोन केले. संध्याकाळी ही म्हणाली, माझ्या भावाला सांगून झालंय, तो येतोय, नवा शर्ट घेतलाय त्याने.

मला न विचारता? ही म्हणाली, घरात वेल्डर असताना बाहेर कशाला शोधताय.

रात्री लवकर पडलो. झोप नाही.

१५ फेब्रुवारी, सकाळी ८
ओळखीची कार्डं लिहून ठेवली. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार यांची एकेक. मेहुण्याची तीन. 'माझे मेहुणे', 'माझे स्नेही', आणि एक आणखी. वेळेवर जे योग्य वाटेल ते. शेवटी नातं सांगितलं तर पक्षपाताचा आरोप व्हायचा, हाही मुद्दा आहे.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी ५
कार्यक्रम यशस्वी. उपस्थिती पूर्ण. शिस्त उत्तम.

प्लंबर लग्नातल्या कोटात आला होता, बाह्या मनगटाच्या वर. सुताराने प्रत्येक प्रश्नाला हो असं उत्तर दिलं आणि एकदा नाही, म्हणजे हो असं. इलेक्ट्रिशियन बोलायला उभा राहिला आणि दोन्ही हात कुठे ठेवावेत ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. हत्यारं नसल्यामुळे चौघंही दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघत बसल्यासारखे दिसत होते. मधे माइक घरघरायला लागला तेव्हा इलेक्ट्रिशियन पहिल्यांदा खुलला, खाली वाकला आणि स्क्रू ड्रायव्हर आहे का विचारलं. चौघांपैकी कुणाकडेच नव्हता. सूचना क्रमांक दोन तंतोतंत पाळली गेली.

एकंदर छान झालं.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
वर लिहिलंय ते खरं आहे, पण एक गोष्ट राहिली. ही वही मी सोडून कुणी वाचणार नाही. लिहून टाकतो.

मेहुणा गळ्यापर्यंत बटणं लावून बसला होता. नवा शर्ट, घडी मोडलेली नाही. त्याच्यावर पाळी आली तेव्हा माझ्या हातात तीनही कार्डं होती. पहिल्या रांगेत हेडबाई, गणिताचे सर, सगळा स्टाफ. मी तिसरं वाचलं. 'आणि हे आपल्या परिसरातले एक वेल्डर.'

एवढंच. नावसुद्धा नाही.

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग उठला, मुलांना नमस्कार केला आणि मला म्हणाला, थँक यू सर, मला बोलावलंत. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. पहिल्या दिवसापासून हा माणूस मला दाजी म्हणतो. मी आजारी होतो तेव्हा दाजी दाजी करत आठ दिवस दवाखान्यात बसला होता. आज सव्वा तास तो मला सर म्हणाला, एकदाही चुकला नाही. मला वाचवत होता. मी त्याला वाचवू दिलं.

हॉलमध्ये अगदी शांतता होती. स्टाफपैकी कुणी मान वर केली नाही. प्रभावित झाले असावेत.

एका मुलीने त्याला विचारलं की तुमच्या घरच्यांना तुमचं काम आवडतं का. तो म्हणाला, बहिणीला आवडतं, भाचीला आवडतं. भाची तिसऱ्या रांगेत होती. ती माझ्याकडे बघेल म्हणून मी फळ्याकडे बघत राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

मग त्याने खिशातून लोखंडाचे दोन तुकडे काढले. हत्यारं नाहीत सर, नमुने आहेत, म्हणाला. एक त्याचा आयुष्यातला पहिला जोड, बावीस वर्षं जपून ठेवलेला, ओबडधोबड, मधे भोक. दुसरा परवाचा. मुलांना म्हणाला, हातात घ्या, वाकवून बघा, कुठला टिकेल सांगा. आणि मुलं उठली. मागच्या बाकावरची, पुढची, पहिल्या नंबरवाली, सगळी स्टेजकडे. त्या दोन तुकड्यांभोवती अशी गर्दी झाली की मला तो दिसेना. सव्वा तासात पहिल्यांदा मुलं काहीतरी विचारत होती.

मी माइकवरून सगळ्यांना जागेवर बसायला लावलं. फरशीला पॉलिश होतं.

१६ फेब्रुवारी
घरात कुणी रागावलेलं नाही. ही जेवायला वाढते, मीठ हवं का विचारते. लेक 'बाबा, पाणी' म्हणून पेला ठेवते. भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडणात मी चांगला आहे.

संकल्प : रविवारी वर्कशॉपवर जाऊन माफी मागायची. सरळ, मर्दासारखी.

२१ फेब्रुवारी
गेलो. बसमध्ये तीन वाक्यं पाठ केली होती.

तो मास्क लावून काम करत होता. मी आल्याचं कळल्यावर थांबला, फडक्याने स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. लेक आतल्या बाजूला काहीतरी घासत होती, मला बघून तशीच घासत राहिली. मी म्हटलं, कार्यक्रम छान झाला. तो म्हणाला, हो सर. मी म्हटलं, नमुने मुलांना आवडले. म्हणाला, मुलं हुशार आहेत सर. मी म्हटलं, काम कसं चाललंय. ठीक आहे सर.

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मला कळला असता, स्टाफरूममध्ये पंधरा वर्षं काढलीत. त्याने ठरवून टाकलंय एवढंच. मला शाळेत तसं हवंय ना, मग सगळीकडे तसंच. शिवी दिली असती तर मीही दिली असती आणि फिटंफाट झाली असती. चहा गोड होता. अर्धा ठेवून उठलो.

माफी राहिली. पुढच्या वेळी नक्की.

३ मार्च
फॉर्म कपाटात आहे. सुरक्षित आहे.

१२ मार्च
लेकीची परीक्षा चालू. अशा वेळी नको ते विषय काढू नयेत.

२४ मार्च
परीक्षा संपली. मुलीला जरा विश्रांती घेऊ द्यावी.

२८ मार्च
पंचवीसपैकी फॉर्म भरले चौघांनी. बाकीच्यांना यादीत का घातलं तेच शेवटपर्यंत कळलं नाही म्हणे. बसवाल्यांच्या मुलाचा फॉर्म आलाय. वडिलांनी त्याच दिवशी सही करून दिला. त्यांना मी म्हटलं, तुमचं कौतुक आहे, काही पालक सही करायला इतका उशीर लावतात की मुलांचं वर्ष जातं. ते मान डोलावून हो म्हणाले. मी हे अगदी मनापासून बोललो. बोलताना मला स्वतःची आठवणसुद्धा झाली नाही. जिन्याखाली येऊन कपाटाचं दार उघडलं तेव्हा झाली.

२ एप्रिल
लेकीने विचारलं, फॉर्म वाचून झाला का. दोनच पानं आहेत बाबा, म्हणाली. मी म्हटलं, बारीक अक्षरं आहेत. ती बरं म्हणाली. पुन्हा विचारलं नाही. हिने मात्र जेवताना माझ्याकडे असं पाहिलं की मी आमटी न मागता उठलो.

खरं काय ते लिहू का? पगार, धूर, डोळे, मुलीची जात, ही सगळी कारणं मी शोधून ठेवली आहेत आणि त्यातलं एकही खरं नाही. सेंटरला चष्मे देतात, शेडमध्ये धूर ओढणारे पंखे आहेत, मीच पत्रकात छापलंय. मला भीती एकाच गोष्टीची आहे. उद्या स्टाफरूममध्ये कुणी विचारलं की मुलगी काय करते, तर काय सांगू.

९ एप्रिल, संध्याकाळी
निर्णय झाला. सही करणार. उद्या सकाळी कपाटातून फॉर्म काढायचा, सही करायची, घरी येऊन तिच्या हातात द्यायचा आणि डोक्यावर हात ठेवून एकच वाक्य बोलायचं. वाक्य तयार आहे. मग तिघंही मेहुण्याकडे जाऊ. तिथे माफी. एका फेरीत सगळं होईल.

फार हलकं वाटतंय. माणूस शेवटी चांगला असतो.

१० एप्रिल
सकाळी लेक आणि ही दोघीही घरी नव्हत्या. फॉर्म काढला, सही केली. म्हटलं, आपणच सेंटरला नेऊन देऊ, तिला एकदम पावतीच दाखवू. यावेळी बूट घालून गेलो. पाण्याच्या पाईपलाईनसाठी खणलेल्या रस्त्यात चिखलाने भरले. रांगेत पन्नास मिनिटं.

खिडकीवरच्या बाईंनी नाव वाचलं, रजिस्टर चाळलं आणि म्हणाल्या, हा फॉर्म तर ३ तारखेलाच आलाय. नवा फॉर्म घेऊन, आईची सही. मुलाखतही झाली, प्रॅक्टिकलला मुलींमध्ये पहिली. तुम्ही तिचे कोण?

साधा प्रश्न. मागे रांग. मी म्हटलं, शाळेचा करिअर मार्गदर्शक.

का म्हटलं? स्टाफरूम नव्हती. गणिताचे सर नव्हते. त्या बाईंना माझं काय पडलं होतं? पण वडील म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं की मग तुम्हाला माहीत कसं नाही. तोंडातून निघून गेलं. पोटची पोर. तिलाही मी तसंच केलं.

बाई म्हणाल्या, वा, शाळा इतका पाठपुरावा करते हे बघून बरं वाटलं.

सही केलेला फॉर्म खिशात आहे. कुणाला दाखवलेला नाही. घरी दोघी हसत आल्या, मला बघून हसू आवरलं. ही म्हणाली, तुम्हाला सांगणारच होतो. मी म्हटलं, मला माहीत होतं.

४ मे, दुपारी १२
सेंटरवर आज दहा वाजता नव्या मुलांच्या पालकांची सभा.

काल संध्याकाळी लेक नवा जाड एप्रन घडी करत होती. मी म्हटलं, उद्या मीही येतो, दोन मिनिटं बोलेन म्हणतो. ती घडी करत राहिली. म्हणाली, आई आणि मामा येतायत. मी म्हटलं, मग चौघं जाऊ. ती म्हणाली, तिथले इन्स्ट्रक्टर मामाबरोबर शिकलेले आहेत, सगळ्यांच्या ओळखी करून द्यायच्या असतात, राहू दे बाबा. मी विचारलं, काय राहू दे. आवाज चढवला नाही तिने. म्हणाली, मामाला जमलं, पण मला तुम्हाला सर म्हणायला जमणार नाही.

मी म्हटलं, तसंही मला उद्या शाळेत काम आहे.

साडेनवाला मेहुणा गाडी घेऊन आला. आत आला नाही. दारातून येतो सर म्हणाला. तिघं गेली. शाळेत काम आहे म्हटलं होतं, म्हणून शाळेत आलो. सुट्टी लागून बारा दिवस झालेत. सगळीकडे कुलपं. इथे मैदानाकडच्या पायरीवर बसून लिहितोय.

वॉचमन झाडांना पाणी घालत होता. सर, आज काय, म्हणाला. मी म्हटलं, मार्गदर्शनाचं काम. बरं म्हणाला आणि पाईप पुढच्या कुंडीत टाकला. मग का कोण जाणे, मला वाटलं, आता बोलून टाकावं. सुरुवात इथूनच करावी, वॉचमनला सांगायला काय लाज. म्हटलं, फेब्रुवारीत कार्यक्रमाला ते वेल्डर आले होते ना, ते माझे सख्खे मेहुणे. लेकीचे मामा.

बोलून झाल्यावर घाम फुटला. पण बोललो.

वॉचमन म्हणाला, हो, माहीत आहे की. चार वर्षांपूर्वी सुट्टीत प्रयोगशाळेच्या खिडक्यांना ग्रील त्यांनीच केलं, तुम्ही गावाला होता. हेडबाई, गणिताचे सर, सगळे होते तेव्हा इथे. माझे दाजी इथे सर आहेत, म्हणून ज्याला त्याला सांगत होते. भारी कौतुक तुमचं त्यांना.

मी विचारलं, सगळ्यांना सांगितलं? तो म्हणाला, सगळ्यांना.

म्हणजे त्या दिवशी हॉलमध्ये पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी कार्ड वाचत होतो आणि त्यांना ठाऊक होतं. तो मला सर म्हणत होता आणि त्यांना ठाऊक होतं. म्हणून कुणी मान वर केली नव्हती.

साडेबारा होत आलेत. सभा संपली असेल. घरी जायला हवं. उठवत नाहीये.